शिरस्त्राणावर नक्षी कोरायची आहे? आधी कटर बघा

भाच्याला सोसायटीच्या शिवजयंतीला मावळा व्हायचं होतं. शिरस्त्राण १० मिलिमीटरच्या ईव्हीए फोमचं, म्हणजे मुलांच्या खोलीत अंथरतात त्या चटईचंच. हत्यारं घ्यायला ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात गेले आणि पहिल्यांदा चुकले: वीस रुपयांचा प्लास्टिकचा कटर. त्याचा खटका दाबाखाली सरकला, पातं आत गेलं आणि अंगठा पुढे. दोन टाके.

आता धातूची पट्टी आणि घट्ट खटका असलेलाच घेते. लांब रेषांना १८ मिलिमीटरचं पातं, वळणांना ९चं. पण ९चं लवचिक असतं, म्हणून एकच खण (पात्यावरच्या दोन तिरक्या रेघांमधला तुकडा) बाहेर काढायचा. फोम पात्याची धार पटकन खातो. पातं ओढून ओढून चालवावं लागलं की टोक मोडा, पक्कडीने, आणि तुकडा डब्यात टाका. बोथट पातंच घसरतं.

नक्षीसाठी आरपार कापू नका. दोन-तीन मिलिमीटर खोल चीर द्या आणि वरून हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं यंत्र, फिरवा. चीर आपोआप उमलते, खोदल्यासारखी दिसते. मला हे बघायला अजून मजा येते.

रोटरी टूल, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या टोकाचं हातात धरायचं यंत्र, वापरलंत तर चष्मा आणि एन९५ मास्क हवाच, भुगा फार बारीक उडतो. हातमोजे मात्र काढा, ओढणीही. फिरत्या टोकात अडकतात. फोमऐवजी पीव्हीसी (पाइपांचं प्लास्टिक) घेतलंत तर त्यावर गरम सुरी अजिबात नको, धूर विषारी असतो.

आणि हो, शिरस्त्राण डोक्यावर असताना कोरायचं नाही. भाचा हट्ट करत होता.