पिकअपच्या इंजिनासाठी योग्य ऑइल कसे निवडावे

एप्रिल-मे महिन्यांत रत्नागिरीच्या बाजूने हापूसच्या पेट्या भरून निघालेल्या पिकअप गाड्या आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट चढून कोल्हापूर, कऱ्हाड आणि पुढे पुण्याच्या बाजाराकडे जातात, तेव्हा त्यांच्या इंजिनावर वर्षातला सर्वांत मोठा ताण पडत असतो. हौद्यात पूर्ण भार असतो, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये कितीतरी वेळ चढत असते आणि वेग कमी असल्याने समोरून वाराही पुरेसा मिळत नाही. अशा वेळी क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा) आणि त्याच्या बेअरिंगमध्ये ऑइलचा केसाहूनही बारीक थर एवढाच काय तो आधार उरतो. इतके महत्त्वाचे काम करणारी वस्तू आपण दुकानात जाऊन "चांगले घट्ट ऑइल द्या" एवढ्या एका वाक्यावर विकत घेतो, याचे मला नेहमी वाईट वाटते. ऑइल निवडणे अवघड नाही, मात्र त्यासाठी आपल्या गाडीबद्दल दोन-तीन गोष्टी आणि डब्यावरच्या आकड्यांचा अर्थ ठाऊक असायला हवा.

सुरुवात दुकानातून न करता गाडीच्या कप्प्यातून करावी. गाडीसोबत मिळालेल्या माहितीपुस्तिकेत वंगणांचे एक स्वतंत्र पान असते आणि त्यावर ऑइलची ग्रेड, दर्जा, चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) मावणारे प्रमाण आणि बदलण्याचे अंतर हे सर्व स्पष्ट छापलेले असते. गाडी जुनी घेतली असेल आणि पुस्तिका मिळाली नसेल, तर आरसी पुस्तकावरून किंवा स्मार्ट कार्डावरून गाडीचे नेमके मॉडेल, उत्पादनाचा महिना-वर्ष, इंधन आणि बीएस मानक (भारत स्टेज, म्हणजे धुरातल्या प्रदूषणाची मर्यादा) पाहून घ्यावे आणि तेवढ्या माहितीवर कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात विचारणा करावी. केवळ "पिकअप आहे" किंवा "छोटा हत्ती आहे" असे सांगणे पुरेसे नसते, कारण एकाच नावाखाली फार वेगवेगळी इंजिने विकली गेली आहेत. २००५ मध्ये टाटा एस बाजारात आली, तेव्हा तिच्यात ७०२ सीसीचे, दोन सिलिंडरचे आणि टर्बो (धुराच्या जोराने फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) नसलेले साधे डिझेल इंजिन होते. आज याच वर्गातल्या गाड्या पेट्रोल, सीएनजी आणि कॉमन रेल (सामाईक नळीतून उच्च दाबाने इंधन फवारणारे) डिझेल अशा निरनिराळ्या इंजिनांसह मिळतात. या सर्वांना एकच ऑइल चालेल, असे समजणे चूक आहे.

डब्यावर सर्वांत ठळक दिसतो तो १५डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३० असा आकडा. हा ऑइलच्या दाटपणाचा आकडा असून त्यावरून दर्जा कळत नाही. 'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे आहे आणि त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज हलते ते सांगतो. १५डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी उणे २० अंशांवर, तर ५डब्ल्यूची उणे ३० अंशांवर होते. निफाडच्या कडाक्याच्या पहाटेसुद्धा पारा या आकड्यांच्या जवळपास जात नाही, त्यामुळे नुसत्या थंडीच्या दृष्टीने आपल्याकडे १५डब्ल्यू पुरेसे आहे. पुढचा आकडा, म्हणजे ३० किंवा ४०, इंजिन तापल्यानंतरचा दाटपणा दाखवतो. १०० अंश तापमानाला ३० ग्रेडच्या ऑइलचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या (दाटपणा मोजण्याचे एकक) दरम्यान, तर ४० ग्रेडच्या ऑइलचा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असावा लागतो.

"आपल्याकडे ऊन फार, म्हणून ऑइल घट्टच हवे" या समजुतीमुळे आजही अनेक पिकअपमध्ये २०डब्ल्यू-५० भरले जाते. बाहेर ३० अंश असो वा ४२, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर मिळून इंजिनातल्या पाण्याचे तापमान ठरावीक मर्यादेत राखत असतात, त्यामुळे बाहेरच्या उन्हाचा परिणाम आपल्याला वाटतो त्यापेक्षा पुष्कळच कमी असतो. खरा ताण भाराचा आणि चढाचा असतो आणि तो गृहीत धरूनच कंपनीने ग्रेड ठरवलेली असते. गरजेपेक्षा घट्ट ऑइल पहाटे गाडी सुरू केल्यावर वरच्या भागांपर्यंत आणि टर्बोच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते आणि इंजिनाची बरीचशी झीज त्याच क्षणांत होते. शिवाय ते ढवळण्यात ताकद खर्च होते आणि ती भरपाई डिझेलमधूनच होते. मीटरवर ऑइलचा दाब जास्त दिसला म्हणजे ऑइल भरपूर फिरत आहे, असाही अर्थ काढू नये, कारण घट्ट ऑइल अरुंद वाटेत अडत असल्यामुळेही दाब वाढलेला दिसतो. पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० आणि १०डब्ल्यू-४० असे दोन पर्याय दिलेले असतील, तर भार आणि घाट पाहून त्या दोहोंतून निवड करावी. त्या यादीबाहेर मात्र जाऊ नये.

आता दर्जाकडे वळू. डब्याच्या मागे 'एपीआय' या अमेरिकन संस्थेची अक्षरे असतात. 'सी'ने सुरू होणारा दर्जा डिझेल इंजिनासाठी आणि 'एस'ने सुरू होणारा पेट्रोल इंजिनासाठी असतो. डिझेलमध्ये सीएच-४ हा दर्जा १९९८ मध्ये, सीआय-४ हा २००२ मध्ये, सीजे-४ हा २००६ मध्ये आणि सीके-४ हा २०१६ च्या अखेरीस आला. पुढचे अक्षर म्हणजे नव्या काळाचे इंजिन, असे ढोबळमानाने समजावे. जुन्या गाडीत नव्या दर्जाचे, म्हणजे सीआय-४ सांगितलेले असताना सीके-४, भरले तर सहसा चालते. याच्या उलट कधीही करू नये. सीके-४ सोबतच आलेल्या एफए-४ या दर्जापासून मात्र सावध राहावे, कारण ते मुद्दाम पातळ ठेवलेले ऑइल आहे आणि कंपनीने स्पष्ट सांगितल्याखेरीज ते कोणत्याही पिकअपमध्ये भरू नये.

गाडी १ एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ मानकाची डिझेल गाडी असेल, तर दाटपणापेक्षाही एक वेगळी गोष्ट निर्णायक ठरते, ती म्हणजे ऑइलमधली राख. ही बाब थोडी विस्ताराने समजून घेणे आवश्यक आहे. पूर्वीच्या डिझेलमध्ये गंधक पुष्कळ असे आणि त्याच्या ज्वलनातून आम्ल तयार होई. ते आम्ल निष्प्रभ करण्यासाठी ऑइलमध्ये कॅल्शियमसारख्या धातूंची क्षारयुक्त द्रव्ये मोठ्या प्रमाणात मिसळली जात. बीएस-३ च्या डिझेलमध्ये दशलक्ष भागांत ३५० भागांपर्यंत गंधकाला परवानगी होती. बीएस-४ मध्ये ती मर्यादा ५० वर आणि बीएस-६ मध्ये १० वर आली. आम्ल कमी झाल्यामुळे त्या द्रव्यांची पूर्वीइतकी गरज उरली नाही. त्याच वेळी धुरातली काजळी अडवणारी डीपीएफ ही गाळणी सायलेन्सरच्या वाटेत आली. इंजिनात ऑइलचा थोडासा अंश नेहमीच जळतो आणि त्यातल्या धातूंची राख मागे उरते. गाळणीतली काजळी ठरावीक काळाने तापवून जाळून टाकता येते, पण राख कशानेही जळत नाही, ती साठतच जाते आणि शेवटी गाळणी काढून साफ करावी लागते किंवा बदलावी लागते. हे काम चांगलेच महागात पडते. म्हणूनच सीआय-४ ऑइलमध्ये जास्त राख चालत असे, तिथे सीजे-४ आणि सीके-४ साठी राखेची मर्यादा एक टक्का आहे, आणि युरोपातल्या वाहन उत्पादकांच्या 'एसीईए' संघटनेच्या सी२ व सी३ या दर्जांसाठी ०.८ टक्के आहे. बीएस-६ गाडीच्या पुस्तिकेत यांपैकी जे लिहिलेले असेल, तेच घ्यावे.

याच ठिकाणी एक सूक्ष्म फरक लक्षात ठेवावा. डब्यावर ५डब्ल्यू-३० एवढे लिहिलेले असले, तरी सर्व ५डब्ल्यू-३० ऑइले सारखी नसतात. १५० अंश तापमानात, बेअरिंगमध्ये जोरात घासले जात असताना ऑइलचा थर किती टिकतो याची वेगळी चाचणी असते. साध्या ३० ग्रेडसाठी त्यात किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद (दाटपणाचेच दुसरे एकक) पुरेसे धरले जाते, तर सी३ दर्जासाठी किमान ३.५ आवश्यक असते. त्यामुळे पेट्रोल कारसाठी आणलेला ५डब्ल्यू-३० चा डबा "आकडा तोच आहे" म्हणून डिझेल पिकअपमध्ये रिकामा करणे धोक्याचे आहे.

आमच्या घरच्या बीएस-६ पिकअपमध्ये एका गॅरेजने सवयीने जुन्या गाड्यांसाठीचे ऑइल भरले होते. बिलावर केवळ "इंजिन ऑइल" असे लिहिलेले असल्यामुळे पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत ते आमच्या ध्यानातही आले नाही. तेव्हापासून ग्रेड आणि दर्जा दोन्ही बिलावर लिहून घेण्याचा आम्ही नियम केला आहे, आणि ऑइल डोळ्यांसमोर नव्या डब्यातून भरले जाते की नाही हेही पाहतो. ज्यांच्याकडे एक जुनी बीएस-४ आणि एक नवी बीएस-६ अशा दोन गाड्या आहेत, त्यांनी दोन्ही पुस्तिकांमध्ये सीके-४ दर्जाचे १५डब्ल्यू-४० चालते का, हे तपासावे. चालत असेल तर एकाच प्रकारचे ऑइल ठेवता येईल आणि चुकून अदलाबदल होण्याची भीती राहणार नाही.

पेट्रोल आणि सीएनजीवरच्या छोट्या मालवाहू गाड्यांची गरज निराळी असते. गॅसच्या ज्वलनातून काजळी जवळजवळ होत नाही, पण ज्वलनकक्ष अधिक तापतो आणि उष्णतेमुळे ऑइल हळूहळू घट्ट व आम्लयुक्त होत जाते. ऑइल बराच काळ स्वच्छ दिसते म्हणून ते चांगलेच आहे असे वाटते आणि बदलणे लांबते. सीएनजी गाडीत रंगावर मुळीच विसंबू नये आणि डिझेलचे ऑइल तर भरूच नये.

मिनरल (कच्च्या तेलापासून शुद्ध केलेले) घ्यावे की सिंथेटिक (रासायनिक प्रक्रियेने घडवलेले), हा प्रश्न हमखास विचारला जातो. सिंथेटिक ऑइल उष्णतेत लवकर खराब होत नाही, हा त्याचा खरा फायदा आहे आणि तो टर्बोच्या ठिकाणी सर्वांत जास्त उपयोगी पडतो. टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि त्याला तरंगत ठेवणे आणि थंड ठेवणे ही दोन्ही कामे ऑइल करते. घाट चढून आल्याबरोबर चावी फिरवून इंजिन बंद केले, तर थांबलेले ऑइल त्या तापलेल्या भागात करपते, म्हणून मिनिट-दोन मिनिटे गाडी जागेवर चालू ठेवून मगच बंद करावी. लांब पल्ल्याच्या, घाटातल्या, पूर्ण भाराच्या कामासाठी सिंथेटिक किंवा सेमी-सिंथेटिकवरचा जास्तीचा खर्च योग्य आहे, असे माझे मत आहे. गावातल्या गावात सिमेंट किंवा किराणा पोहोचवणाऱ्या जुन्या, टर्बो नसलेल्या गाडीला मात्र योग्य दर्जाचे मिनरल ऑइल वेळेवर बदलणे अधिक हिताचे आहे. पुस्तिकेत सिंथेटिकच सांगितले असेल, तर हा प्रश्न उरतच नाही.

बदलण्याचे अंतर किलोमीटरमध्ये दिलेले असले, तरी पिकअपच्या बाबतीत किलोमीटर पूर्ण हकिगत सांगत नाहीत. वाशीच्या बाजार समितीत गाडी खाली होण्याची वाट पाहताना इंजिन तासन्‌तास चालू राहिले, तर मीटर तिथेच राहतो आणि ऑइल मात्र खर्ची पडत असते. धुळीचे कच्चे रस्ते, उसाच्या किंवा वाळूच्या खेपा, सततचा थांबा-चाल प्रवास यांना पुस्तिकेत "कठीण वापर" म्हटलेले असते आणि त्यासाठी कमी अंतर दिलेले असते. आपल्याकडच्या बहुतेक पिकअप त्याच गटात मोडतात. ऑइलसोबत ऑइल फिल्टर दर वेळी बदलावा.

खरेदी करताना सुटे, पिंपातले ऑइल घेऊ नये. झाकणाचे सील, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि डब्यावर पडताळणीचा कोड असल्यास तो तपासावा आणि पक्के बिल घ्यावे. रिकामा झालेला डबा तसाच भंगारात देऊ नये. त्याला भोके पाडून किंवा तो कापूनच द्यावा, कारण नकली ऑइल भरण्यासाठी असेच धड डबे वापरले जातात.

ऑइल भरल्यानंतर गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटे थांबून डिपस्टिक पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये आणि वरच्या खुणेच्या जवळ असावी. वरच्या खुणेपलीकडे गेलेले ऑइल क्रँकशाफ्टने घुसळले जाऊन फेसाळते. डिझेल गाडीत नवे ऑइल थोड्याच दिवसांत काळे होते, ते काजळी धरून ठेवत असल्यामुळे, आणि तेच त्याचे काम आहे. चिंता वेगळ्या खुणांची करावी. ऑइल दुधट दिसले तर त्यात पाणी किंवा कूलंट उतरत आहे. बीएस-६ गाडीत पातळी आपोआप वाढू लागली, तर गाळणी जाळून साफ करताना फवारलेले डिझेल चेंबरमध्ये मिसळत आहे. शहरात सतत छोट्या फेऱ्या करणाऱ्या आणि साफसफाई अर्धवट असतानाच बंद केल्या जाणाऱ्या गाड्यांत असे विशेष घडते. अशा वेळी ठरलेल्या अंतराची वाट न पाहता ऑइल बदलावे.

काढलेले जुने ऑइल कायद्याने घातक कचरा ठरते. ते गटारात, बांधावर किंवा विहिरीच्या आसपास ओतू नये, लाकडांना लावण्यासाठी किंवा चूल पेटवण्यासाठीही देऊ नये. झाकण घट्ट बसणाऱ्या कॅनमध्ये साठवून ते जुने ऑइल गोळा करून अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी पाठवणाऱ्या सेवा केंद्राकडे द्यावे.