आयटी सपोर्टला जायचंय? आधी एक वही करा
जळगावच्या दाल मिलमध्ये हिशेब लिहिणारा किंवा रावेरला केळीच्या गाड्या भरून देणारा माणूस आयटी सपोर्टच्या मुलाखतीला गेला की पहिला प्रश्न ठरलेला: अनुभव काय? तो वहीत साठवा. ओळखीच्या दुकानात, गावच्या शाळेत कॉम्प्युटरचं, नेटचं अडलेलं जे सोडवाल ते लिहा: तक्रार काय होती, काय तपासलं, कशानं सुटलं. कंपनीत याच नोंदीला तिकीट म्हणतात.

समजा, नेट चालत नाही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) आयपीकॉन्फिग (ipconfig) ही कमांड मारली आणि आयपी, म्हणजे कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता, १६९.२५४ ने सुरू झालेला दिसला, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. केबल, वायफाय, राउटर बघा. पत्ता बरोबर आहे, ८.८.८.८ या गुगलच्या सर्व्हरला पिंगही जातंय (म्हणजे तिथून उत्तर येतंय), तरी वेबसाइट उघडत नाही? मग आधी डीएनएस तपासा, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी शोधून देणारी सोय. अशा वीस-पंचवीस नोंदी झाल्या की मुलाखतीत गप्प बसायची वेळ येत नाही. महागड्या कोर्सला पैसे भरण्याआधी हे करा, फुकट आहे.

आणि गाडी उशिरा आली म्हणून तापलेल्या व्यापाऱ्याला फोनवर शांत केलंय ना, तेही सांगा. हेल्पडेस्कवर, म्हणजे जिथं लोकांच्या तक्रारी घेतात तिथं, निम्मं काम तेच असतं. वहीत कुणाचा पासवर्ड मात्र लिहू नका.