लाकूड वाहणाऱ्या जुन्या जंगल-रेल्वे बघायला जाताना

ओंडके वाहणारी रेल्वे टिकण्यासाठी बांधलेलीच नसायची, हे आधी डोक्यात पक्कं करून घ्या, म्हणजे तिथे पोचल्यावर होणारी निम्मी निराशा टळेल. नेहमीच्या रेल्वेला स्टेशन असतं, दगडी पूल असतात, पक्का बोगदा असतो. इथे कंपनीचा हिशोब साधा होता, या खोऱ्यातली झाडं संपली की रूळ उखडायचे आणि पुढच्या खोऱ्यात नेऊन टाकायचे. त्यामुळे आज बऱ्याच ठिकाणी उरलंय काय, तर झाडीतून जाणारा एक सपाट पट्टा, शेवाळलेले स्लीपर (रुळांखालची आडवी लाकडं) आणि नशीब असेल तर कुठेतरी गंजत पडलेलं चाक. हे बघायला मजा येते का? येते, पण काय बघायचं ते माहीत असेल तरच.

म्हणून पहिला निर्णय असा घ्या की तुम्हाला नक्की काय हवंय. गाडीत बसून फिरायचं असेल तर चालू असलेल्या लाइन आहेत, अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात कॅस, तैवानमध्ये अलिशान, रोमानियात व्हिशेउ दे सुसची वासर खोऱ्यातली गाडी, स्लोव्हाकियात चिएर्नी ह्रोन, जपानमध्ये किसो भागातलं आकासावा. जुन्या रुळांच्या वाटेवरून पायी जायचं असेल तर जपानचं याकुशिमा बेट किंवा न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाचं पोर्ट क्रेग. आणि निव्वळ अवशेष बघायचे असतील तर अमेरिकेतल्या मेन राज्यात अलागॅशच्या जंगलात दोन अख्खी वाफेची इंजिनं १९३० च्या दशकापासून जिथल्या तिथे उभी आहेत, त्यांच्यावरची शेड १९६९ मध्ये जळून गेली आणि इंजिनं उघडी पडली. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील तर पहिल्या प्रकारातलंच काहीतरी निवडा, उगाच हट्ट करू नका.

आता मुख्य गोष्ट. कुठेही गेलात तरी एकच प्रश्न विचारत राहा: भरलेली गाडी कुठल्या दिशेला जायची? जवळजवळ नेहमी उत्तर एकच, भरलेली खाली आणि रिकामी वर. सगळी आखणी यावर चालते. केरळातली कोचीन फॉरेस्ट ट्रामवे घ्या, १९०७ ला सुरू झाली, विसाव्या शतकाच्या मध्यावर बंद पडली, परंबिकुलमच्या जंगलातून साग आणि इतर लाकूड साधारण ८० किलोमीटर खाली चालकुडीपर्यंत आणायची. मधे इतके तीव्र उतार होते की तिथे इंजिन चालणंच शक्य नव्हतं, मग दोरखंड लावून भरलेल्या वाघिणी खाली सोडायच्या आणि त्यांच्याच वजनाने रिकाम्या वाघिणी वर ओढल्या जायच्या. इंजिन नाही, कोळसा नाही, उतरणाऱ्या लाकडाचं वजन हेच इंधन. हे एकदा कळलं की जंगलात अचानक सरळसोट खाली जाणारा पट्टा दिसला तरी तो रस्ता नाही, दोरखंडाचा उतार आहे, हे लगेच लक्षात येतं. ही सगळी जागा आता व्याघ्र प्रकल्पाच्या आसपास आहे, त्यामुळे एकट्याने झाडीत घुसून रूळ शोधायचा विचारसुद्धा करू नका, वनखात्याची परवानगी आणि त्यांचा माणूस सोबत, याशिवाय नाही.

चालू गाडीत बसणार असाल तर सुटायच्या वेळेच्या किमान अर्धा तास आधी पोचा आणि इंजिनाभोवती एक चक्कर मारा. कॅस किंवा अलिशानला ज्या प्रकारची इंजिनं आहेत त्यांना शे म्हणतात, एफ्राइम शे नावाच्या मिशिगनमधल्या लाकूड व्यापाऱ्याच्या डोक्यातून आलेली, १८८१ चं पेटंट, पुढे ओहायोतल्या लिमाच्या कारखान्यात अशी पावणेतीन हजारांच्या आसपास इंजिनं बनली. गंमत अशी की बॉयलर मधोमध नसतो, इंजिनाच्या स्वतःच्या डावीकडे सरकवलेला असतो, कारण त्याच्या उजव्या बाजूला सिलिंडर उभे बसवलेत आणि त्यांचं वजन तोलायचं असतं. त्या सिलिंडरमधून निघालेला लांब दांडा गिअरच्या मदतीने सगळी चाकं फिरवतो. सगळी चाकं ओढतात म्हणून चढावर घसरत नाही, आणि चाकांचे छोटे छोटे गाडे (ट्रक) वळतात म्हणून वेड्यावाकड्या, घाईघाईत टाकलेल्या रुळांवरही टिकतं. म्हणजे बघायचं असेल तर उजवी बाजू, डावीकडून फोटो काढलात तर साधी पेटी दिसेल. आवाजानेही फसू नका, भकभक इतकी जोरात की वाटतं गाडी सुसाट सुटली, आणि बाहेर बघावं तर माणूस पळत गाठेल. अलिशानच्या लहान १८ टनी इंजिनांना दोन सिलिंडर आणि मोठ्या २८ टनींना तीन, हे मोजून बघा, शेजारी उभे असलेले लोक लगेच तुमच्याकडे प्रश्न घेऊन येतील.

आणखी एक, कॅस, अलिशानसारख्या ठिकाणी चढाला इंजिन पुढे नसतं, मागून ढकलतं. सुटलेला डबा मागे घरंगळू नये म्हणून. त्यामुळे पुढच्या डब्यात बसलात तर धूर कमी आणि समोरचं जंगल मोकळं दिसतं, मागच्या डब्यात बसलात तर आवाज, वाफ आणि केसात काजळी. मला विचाराल तर जाताना इंजिनाजवळ आणि येताना लांब, पण जागा नंबरवारी असेल तर तिकीट घेतानाच विचारून घ्या. कॅसला चढ काही ठिकाणी ११ टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे १०० मीटरला ११ मीटर वर, रेल्वेच्या हिशोबात हे भयंकर आहे, त्यामुळे तिथे गाडी झिगझॅग करत, पुढे जाऊन थांबून पुन्हा उलटी मागे जात चढते. असा थांबा आला की झोपू नका, खाली वाकून बघा, नुकतंच पार केलेले रूळ तुमच्या खालून जाताना दिसतील.

अलिशानबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण लोक तिथे हमखास चुकीचं तिकीट काढतात. मुख्य लाइन चियायीपासून अलिशानपर्यंत ७१.४ किलोमीटर, समुद्रसपाटीपासून ३० मीटरवरून थेट २,२१६ मीटरवर, रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिलिमीटर. मधे दुलीशान नावाचा डोंगर आहे, गाडी त्याच डोंगराला वेटोळे घालत वर जाते, तेच गाव खिडकीतून आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला आणि दर वेळी आणखी खाली दिसतं. २००९ च्या मोराकोत वादळाने लाइन तुटली होती, पूर्ण मार्ग परत सुरू व्हायला जुलै २०२४ उजाडलं. आता वर पोचल्यावर सूर्योदयाला जाणाऱ्या वगैरे छोट्या शाखा आहेत, बरेच जण बसने वर जातात, त्या छोट्या गाडीत बसतात आणि समजतात अलिशान रेल्वे बघून झाली. झाली नाही, खरी करामत खालच्या चढात आहे. लांबच्या गाडीचं तिकीट लवकर संपतं म्हणून आधी बुक करा. रोजच्या गाड्या डिझेलवर असतात, वाफेची गाडी खास दिवशी, पण चियायीच्या बेइमेन स्टेशनजवळ जुनी इंजिनं उभी केलेली आहेत ती आरामात बघता येतात.

हे वाफ-डिझेलचं प्रकरण सगळीकडेच तपासा. कोरड्या दिवसांत वणव्याची भीती असली की अनेक ठिकाणी वाफेचं इंजिन बंद ठेवून डिझेल लावतात, आणि तिथे पोचल्यावर वाद घालून काही होत नाही. आकासावाची छोटी गाडी साधारण एप्रिलअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच धावते. उलट नुसते अवशेष बघायचे असतील तर झाडांची पानं गळलेली असतात तो काळ उत्तम, पानझडीच्या जंगलात भर उन्हाळ्यात सगळं हिरवळीत बुडालेलं असतं, दोन पावलांवरचा भराव दिसत नाही.

चिएर्नी ह्रोनची लाइन मला सगळ्यात आवडते. १९०९ पासून चाललेली, एके काळी सगळ्या फाट्यांसकट १३२ किलोमीटरच्या आसपास, १९८२ ला बंद, आणि मग तरुण स्वयंसेवकांनी खपून ती उभी केली, १९९२ पासून पर्यटकांसाठी परत चालू. तिथे चिएर्नी बालोग गावात रूळ थेट फुटबॉलच्या मैदानातून जातो, एका बाजूला प्रेक्षकांच्या पायऱ्या, दुसऱ्या बाजूला मैदान आणि मधून वाफेची गाडी. सामना चालू असताना गाडी आली तरी कोणी फारसं लक्ष देत नाही म्हणे. जमलं तर सामन्याच्या दिवशी जा.

पायी जाणार असाल तर याकुशिमा. जोमोन सुगी नावाच्या जुनाट सुगी झाडापर्यंत (जपानी सीडर) जायची वाट एका बाजूला साधारण ११ किलोमीटर आहे आणि त्यातले ८ जुन्या ट्रॉलीच्या रुळांवरून. येऊन-जाऊन १० तास धरा, पहाटे अंधारात निघावं लागतं, हेडलॅम्प घ्या, आणि मार्च ते नोव्हेंबरमध्ये स्वतःची गाडी अराकावाला, वाटेच्या सुरुवातीपर्यंत, नेता येत नाही, बस पकडावी लागते. चढ मंद असतो म्हणून लोक अंतराला हलकं घेतात, पण स्लीपरमधलं अंतर माणसाच्या पावलाशी जुळत नाही, एक पाऊल लहान पडतं, दोन स्लीपर एकदम घेतले तर मोठं पडतं, संध्याकाळी गुडघे बोलायला लागतात. वाटेत कोसुगिदानी नावाच्या लाकूडतोड्यांच्या वस्तीची जागा लागते, तिथे शाळा होती, लोक राहायचे, तिथे थांबा. बहुतेक जण झाड गाठायच्या नादात ती बघतच नाहीत, आणि माझ्या मते झाडाइतकीच ती जागा बघण्यासारखी आहे.

पोर्ट क्रेगलाही तसंच, तिथली जुनी शाळा आता मुक्कामाची झोपडी आहे. पुढे पर्सी बर्नचा लाकडी पूल, १९२३ चा, १२५ मीटर लांब आणि ३६ मीटर उंच. एवढा पूल बांधला आणि काही वर्षांतच लाकूड कापायची गिरणी बंद पडली, पैसे काही वसूल झाले नाहीत.

पुलांवरून आठवलं, जिथे अधिकृतपणे जाऊ देतात त्याच पुलावर जा. लाकूड बाहेरून ठणठणीत दिसतं आणि आतून भुसा झालेला असतो. वासरसारख्या ठिकाणी पर्यटकांच्या गाडीबरोबर लाकडाच्या गाड्याही धावतात, तिथे रुळावरून चालत फोटो काढणं हा निव्वळ मूर्खपणा आहे. जुन्या बॉयलरवर पांढरट, तंतूमय लेप दिसला तर हात लावू नका, ते ॲस्बेस्टॉस असू शकतं. आणि खिळे, फिशप्लेट (रुळांचे सांधे जोडणाऱ्या पट्ट्या), काहीही उचलून आणू नका, कायदा तर आहेच, पण खिळा जिथे पडलाय तिथूनच अभ्यास करणाऱ्याला कळतं की इथे रूळ होता आणि किती जड होता, तुमच्या शोकेसमध्ये त्या खिळ्याला काही अर्थ नाही. फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवा म्हणजे आकार कळेल, आणि जागा राखीव नसेल तर नेमकं लोकेशन नेटवर टाकू नका, भंगारवाले तुमच्यापेक्षा चपळ असतात.

कोणाच्या नकाशावर नसलेली लाइन शोधायची हौस असेल तर जुने सर्वे नकाशे आणि लायडारची (विमानातून लेझरने जमीन मोजून काढलेली) उंचसखल चित्रं बघा, ती आता बऱ्याच देशांत फुकट मिळतात. झाडांखालची जमीन त्यात उघडी दिसते आणि रेल्वेचा पट्टा लगेच ओळखू येतो, कारण पायवाट चढाला वाटेल तशी वर जाते पण रेल्वे एकाच मंद चढाने डोंगराच्या कडेकडेने सरकते, नाला आला की आत वळते किंवा थेट तुटते. तुटलेल्या जागी पूल होता, प्रत्यक्ष गेल्यावर नाल्याच्या दोन्ही काठांना खांबांचे बुंधे शोधा. पट्ट्यावर ठरावीक अंतराने आडव्या खाचा लागत असतील तर ते कुजलेल्या स्लीपरचे ठसे. आसपास मोठे जुने बुंधे असतील तर त्यांच्या बाजूला डोळ्यांसारख्या दोन खाचा बघा, त्यात फळी खुपसून तिच्यावर उभं राहून माणसं करवत चालवायची, कारण खाली खोड फार जाड असायचं. पट्टा जिथे अचानक रुंद होतो तिथे ओंडके चढवायची जागा होती, डबे, बाटल्या, चुलीचे दगड दिसले तर मजुरांचा तळ.

त्या मजुरांबद्दल विचारत चला. बऱ्याच म्युझियममध्ये इंजिनाचा नट-बोल्ट सांगतात आणि लाकूड कोणी तोडलं, कोणाच्या जंगलातून आणि कोणासाठी, यावर एक ओळ असते. अलिशानची लाइन जपानी राजवटीने तिथलं सायप्रसचं लाकूड काढायला बांधली, ते जंगल परत तसं झालेलं नाही. म्युझियम जमलं तर शेवटी बघा, आधी बघितलं तर सगळी नावं सारखीच वाटतात, जंगलातून आल्यावर मॉडेलमधला प्रत्येक तुकडा कुठे बसतो ते कळतं.

आणि एक दिवस जास्तीचा ठेवाच. या सगळ्या लाइन डोंगरात आहेत, एका रात्रीच्या पावसाने दरड येते आणि गाडी रद्द, मग परतीचं विमान त्याच संध्याकाळचं असेल तर कोणी काही करू शकत नाही. सकाळी निघायच्या आधी त्यांच्या साइटवर किंवा फोन करून गाडी चालू आहे का ते बघून घ्या.