एसटीत मळमळतंय? मनगटावरचा हा बिंदू असा दाबा

कन्नडचा घाट असो की धारूरचा, पहिल्या दोन वळणांतच ज्यांच्या पोटात ढवळायला लागतं, त्यांनी अ‍ॅक्युप्रेशरमधला हा एक बिंदू शिकून घ्यावा. चिनी नाव नेइग्वान. तक्त्यांवर तो ‘पी ६’ म्हणून सापडतो.

आधी जागा, कारण बहुतेकांचं इथंच चुकतं. घड्याळ, बांगड्या काढा. डावा तळहात आकाशाकडे करा. मनगटावरच्या ठळक आडव्या घडीला उजव्या हाताची अनामिका टेकवा आणि अनामिका, मधलं बोट, तर्जनी अशी तीन बोटं जुळवून कोपराच्या दिशेनं आडवी ठेवा. तर्जनीच्या कोपराकडच्या कडेशी, हाताच्या बरोबर मधोमध, तो बिंदू. मूठ आवळून मनगट किंचित आत वळवलं की दोन ताठ कंडरा (स्नायूंच्या दोऱ्या) उठतात, त्यांच्या मधली फट धरायची. काहींना जन्मतःच एक कंडरा नसते. त्यांनी नुसता मध्य धरावा. लहान लेकराला दाबायचं असेल तर माप त्याच्याच बोटांचं. आईच्या बोटांनी मोजलं की बिंदू कोपराकडं सरकतो.

आता दाब. अंगठ्याचं पेर टेकवा, नख नको. चार-पाच सेकंद दाबा, ढिलं करा, परत दाबा. एका हाताला दोन-तीन मिनिटं, मग दुसऱ्या. आत बोथट दुखल्यासारखं वाटलं की दाब पुरेसा. बोटाखाली नाडी उडत असेल तर तुम्ही अंगठ्याकडं घसरलात. बोटांत मुंग्या आल्या तर खालची मज्जातंतू दबतेय, जोर कमी करा. ओकारी अगदी घशाशी आल्यावर सुरुवात करून फारसा उपयोग नाही. घाटाच्या दहा मिनिटं आधीच लागा.

हे चालतं कसं? चिनी मताप्रमाणे शरीरात ‘ची’ ही ऊर्जा बारा मुख्य मार्गांनी वाहते. पोटातली ची खाली जायची ती वर उसळली की मळमळतं, आणि हा बिंदू तिला परत वळवतो. शवविच्छेदनात असे मार्ग कुणाला दिसलेले नाहीत. आधुनिक स्पष्टीकरण असं, की दाबानं किंवा सुईनं मज्जातंतू चाळवतात आणि मेंदूकडं जाणारे संदेश बदलतात. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर या बिंदूचा उपयोग चाचण्यांत दिसलाय. प्रवासातल्या मळमळीबाबत निकाल संमिश्र आहेत. फुकटचा आणि बिनधोक उपाय म्हणून करून बघायला हरकत नाही, एवढंच. सोबत पुढची सीट धरा, नजर लांब रस्त्यावर ठेवा, मोबाईल खिशात.

अ‍ॅक्युपंक्चरची सुई याच जागी लागते, पण ती घरी टोचून घेऊ नका. महाराष्ट्रात या पद्धतीसाठी वेगळा कायदा आहे, म्हणून सुई लावणाऱ्याला त्याची नोंदणी बेधडक विचारा. सुया सीलबंद, एकदाच वापरायच्या, तुमच्यासमोर फोडलेल्या हव्यात. छातीवर किंवा पाठीच्या वरच्या भागात सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं.

मे महिन्यात उन्हातून आलेला माणूस ओकतोय, अंग तापलंय आणि असंबद्ध बोलतोय, तर बिंदू शोधत बसू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि १०८ला फोन लावा. छातीत दुखून घाम फुटला आणि मळमळलं, तरीही लगेच १०८च.