फॉस्टरला आलेलं कुत्रं आणि त्याचं कायमचं घर

रस्त्यावरून सोडवून आणलेल्या कुत्र्याला कायमचं घर मिळेपर्यंत आपल्याकडे सांभाळायचं, याला सगळे आता फॉस्टर करणं म्हणतात. खाणं, औषधं, माया त्यात येतंच. पण फॉस्टर करणाऱ्याचं मुख्य काम वेगळं आहे: ते कुत्रं नीट ओळखायचं आणि पुढच्या घराला त्याच्याबद्दल खरं सांगायचं. कुकरच्या शिट्टीला दचकतं का, एकटं ठेवलं तर किती वेळ रडतं, लहान मूल अंगावर आलं की मागे सरतं की गुरगुरतं, हे कुत्री सोडवणाऱ्या संस्थेलाही ठाऊक नसतं आणि डॉक्टरलाही. नुसत्या गोड फोटोवर दिलेली कुत्री परत येतात. म्हणून पहिल्या दिवसापासून नोंदी ठेवा: काय खाल्लं, शी कशी झाली, कशाला घाबरलं, कशाने शांत झालं.

उचलायचं की नाही

कानाला खाच असलेलं, अंगाने ठीक, गल्लीतल्या चार घरी खाणारं मोठं कुत्रं उचलू नका. ती खाच म्हणजे त्याची नसबंदी झाल्याची खूण. २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार अशा कुत्र्याला नसबंदी आणि लस झाल्यावर त्याच्याच भागात परत सोडायचं असतं. तिथे त्याचं बस्तान असतं आणि फ्लॅटमध्ये ते कावरंबावरं होतं. फॉस्टरची गरज कोणाला? आई नसलेली पिल्लं, अपघातातून किंवा ऑपरेशनमधून उठलेली कुत्री, आणि मालकाने रस्त्यावर सोडलेली लॅब्रॅडॉर, पॉमेरेनियनसारखी पाळीव कुत्री, ज्यांना रस्त्यावर जगताच येत नाही.

पिल्लं एकटी दिसली की लगेच पिशवीत घालू नका. आई खाणं शोधायला तासन्‌तास जाते. लांबून लक्ष ठेवा. आठ आठवड्यांच्या आत आईपासून आणि भावंडांपासून तोडलेलं पिल्लू पुढे चावरं होण्याची शक्यता जास्त. दात किती जोरात लावायचे हे ते भावंडांशी खेळतानाच शिकतं.

घरी आणण्याआधी

संस्थेमार्फत घेत असाल तर तीन गोष्टी लेखी ठरवा: डॉक्टरचं बिल कोण देणार, रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा, आणि तुम्हाला गावी जावं लागलं तर कुत्रं कुठे जाणार. दोन महिन्यांच्या पिल्लाला काही आठवड्यांत घर मिळू शकतं. मोठ्या गावठी मादीला, त्यातून ती काळी असेल तर, कित्येक महिने लागतात. तेवढी तयारी नसेल तर दोन आठवड्यांचा ठरावीक फॉस्टर घ्या, तोही फार उपयोगी पडतो.

सोसायटीला कुत्रं पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरायलाही मनाई करता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना त्याबद्दल स्पष्ट आहेत, त्याची प्रत मोबाईलमध्ये ठेवा. घरमालकाचं मात्र वेगळं. भाडेकरारात प्राणी चालणार नाहीत असं कलम असेल तर आधी त्यांच्याशी बोला.

घरात आधीचं कुत्रं असेल तर त्याच्या लसी पूर्ण हव्यात, आणि नव्याला १४ दिवस वेगळ्या खोलीत ठेवायचं. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे जीवघेणे संसर्गजन्य आजार. पार्व्होची लक्षणं सहसा आठवड्याभरात दिसतात, डिस्टेंपरला त्याहून जास्त दिवस लागू शकतात. भांडी, चादरी, फरशी पुसायचं फडकं सगळं वेगळं. इथे एक चूक हटकून होते: फिनाईलवर भरवसा. साध्या फिनाईलने पार्व्होचा विषाणू मरत नाही आणि तो घरात, अंगणात कित्येक महिने टिकतो. आधी फरशी साबणाने स्वच्छ धुवा, मग एक लिटर पाण्यात सुमारे ३० मिलिलिटर घरगुती ब्लीच घालून ते दहा मिनिटं फरशीवर राहू द्या, मग पुसा. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा दुसरं काहीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. पार्व्होने पिल्लू गेलं असेल त्या घरात पुढचं वर्षभर लस अपुरी असलेलं पिल्लू आणू नये.

पहिले तीन दिवस

अंघोळ नको, पाहुणे नकोत, सोसायटीभर मिरवणं नको. एक कोपरा, जुनी चादर, पाण्याचं जड भांडं, बस्स. पलंगाखाली जाऊन बसलं तर ओढून काढू नका. खाणं तिथेच सरकवून बाजूला व्हा. पहिला दिवस न खाणं मोठ्या कुत्र्यात नेहमीचं आहे. पिल्लू मात्र उपाशी राहिलं, त्यात उलट्या किंवा रक्ताची जुलाब असतील, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री डॉक्टर गाठायचा.

कुत्री निसटतात ती याच दिवसांत, आणि बहुतेक वेळा घराच्या दारातून. दूधवाला, कुरिअर, कचरेवाली आली की आधी कुत्रं खोलीत बंद, मग दार उघडायचं. बाहेर नेताना गळ्यात पट्टा आणि अंगात हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा), दोन्हींना स्वतंत्र दोरी. घाबरलेलं गावठी कुत्रं मागे रेटा देऊन हार्नेसमधून क्षणात सुटतं. पट्टा इतका घट्ट की आत दोन बोटं जातील, तिसरं नाही. त्यावर तुमचा नंबर कोरलेला बिल्ला पहिल्याच दिवशी हवा.

डॉक्टरकडे

पहिल्या भेटीत ताप, हिरड्यांचा रंग, कातडी, कान, वजन आणि दातांवरून वय बघून घ्या. कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे अंग गरम लागलं म्हणून घाबरू नका, थर्मामीटर लावा. पुढचे दुधाचे दात पडून पक्के आले असतील तर पिल्लू चार-पाच महिन्यांचं. सगळे दात पक्के असतील तर सात महिन्यांच्या पुढचं.

लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतं, दर तीन-चार आठवड्यांनी एकत्रित लसीचा पुढचा डोस, शेवटचा १६ आठवड्यांच्या आसपास. रेबीजची लस तिसरा महिना पूर्ण झाल्यावर. अशक्त, तापलेल्या पिल्लाला लस टोचायची घाई करू नये. जंतांचं औषध मात्र वजनाप्रमाणे लगेच.

गोचिडं आपल्याकडे बारमाही असतात, पावसाळ्यात तर विचारूच नका. त्यांच्यातून येणाऱ्या तापात कुत्रं सुस्त होतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. रक्ततपासणीत प्लेटलेट कमी दिसतात. त्यात एर्लिकिया, म्हणजे गोचिडातून येणारा जंतू, निघाला तर गोळ्यांचा कोर्स सहसा २८ दिवसांचा असतो. चार दिवसांत कुत्रं उड्या मारायला लागलं म्हणून तो सोडला की दुखणं उलटतं. गाई-म्हशींसाठीचं गोचिडाचं औषध पाण्यात मिसळून कुत्र्याला लावायची पद्धत गावाकडे आहे. प्रमाण चुकलं तर झटके येतात. ते करू नका. घरात मांजर असेल तर कुत्र्याचं औषध लावण्यापूर्वी डॉक्टरला तसं सांगा, त्यातली काही मांजराच्या जिवावर बेततात.

मोठ्या कुत्र्याच्या लिंगातून किंवा योनीतून थेंब थेंब रक्त येत असेल तर ते पाळीचंच आहे असं धरू नका. रस्त्यावरच्या कुत्र्यांत समागमातून पसरणारी एक गाठ फार दिसते. आठवड्याला एक अशा केमोथेरपीच्या काही इंजेक्शनांनी ती बहुतेकदा पूर्ण बरी होते.

आणि रेबीज. कुत्रं तुम्हाला चावलं किंवा नख लागून ओरखडा उठला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. दंडातली लस घेतली तर दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. नेहमी फॉस्टर करणाऱ्यांनी आधीच प्रतिबंधक लस घेऊन ठेवावी.

खाणं आणि सवयी

उपासमार झालेल्या कुत्र्यासमोर भरलेलं ताट ठेवू नका, थोडं थोडं करून दिवसातून चार-पाच वेळा द्या. मऊ भात, बिनहाडाचं उकडलेलं चिकन, थोडा लाल भोपळा, मीठ-मसाला नाही. दूध-पोळी हा आपल्याकडचा ठरलेला खुराक आहे, आणि पिल्लांच्या जुलाबाचं ते एक ठरलेलं कारणही आहे. दुधाऐवजी थोडं दही चालतं. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, शिजवलेली हाडं नकोत. घरातली तापाची गोळी तर कधीच नाही.

शी-शूचा हिशोब सोपा आहे: पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्याहून एक तास जास्त ते धरू शकतं. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्या आणि तिथे केलं की लगेच खाऊ द्या. घरात केलं म्हणून नाक घासलं तर ते तुमच्यासमोर करायचं टाळायला शिकतं आणि सोफ्यामागे करतं. जेवताना भांड्यात हात घालून परीक्षा पाहू नका. लांबून चिकनचा तुकडा भांड्याकडे टाकत राहा. माणूस जवळ येणं फायद्याचं आहे एवढं त्याला कळलं की पुरे.

जाहिरात

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कुत्र्याचा खरा स्वभाव बाहेर यायला लागतो. जाहिरात तेव्हा लिहा. फोटो दिवसाच्या उजेडात, जमिनीवर बसून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून. काळं कुत्रं असेल तर मागे फिकी भिंत हवी. पट्ट्यावर चालतानाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ दहा फोटोंपेक्षा जास्त सांगतो. मजकूर असा:

«मोती, नर, अंदाजे दीड वर्षं, १८ किलो. नसबंदी झालेली, लसी पूर्ण. पट्ट्यावर नीट चालतो, घरात घाण करत नाही. नव्या माणसाजवळ यायला दोन दिवस घेतो. मांजरामागे धावतो, त्यामुळे मांजर असलेल्या घरी देणार नाही. फक्त पुणे आणि पिंपरी-चिंचवड. घर पाहूनच देऊ.»

मांजराचं वाक्य गाळायचा मोह होतो. गाळू नका. त्या एका वाक्याने चुकीचे फोन आपोआप गळतात. «आज घर मिळालं नाही तर रस्त्यावर जाईल» असं लिहिलं की दयेपोटी फोन येतात, आणि ती दया फार दिवस टिकत नाही.

घर पारखणं

फोनवर थेट विचारा. घरातल्या सगळ्यांची संमती आहे का? घर भाड्याचं आहे का? फिरवणार कोण, सकाळी किती वाजता? आधीचं कुत्रं कशाने गेलं? गॅलरीला ग्रील आहे का? घरात मांसाहार नसेल तर कुत्र्याचं खाणं काय असेल? उत्तरापेक्षा उत्तर द्यायची पद्धत बघा; ज्यांना प्रश्नांचा राग येतो त्यांना पुढे तुमचा चौकशीचा फोनही नकोसा होतो.

शेतावर राखणीला हवं म्हणणाऱ्यांना रात्री ते कुठे झोपणार आणि दिवसा साखळीला असणार का, हे विचारा. काळंच पाहिजे असा हट्ट असेल तर कारण विचारा. ग्रहशांतीसाठी नेलेलं कुत्रं ग्रह सुटला की नकोसं होतं. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांच्या हट्टापायी होणाऱ्या चौकशीला जूनमधलं वेळापत्रक विचारून उत्तर द्या. आणि दिवाळीच्या आठवड्यात कोणालाच कुत्रं देऊ नका. नवं घर आणि फटाके एकत्र आले की ते पळतं.

देताना आणि दिल्यावर

तुम्ही स्वतः घरी नेऊन सोडा, घर आपोआप पाहून होतं. सोबत लसीकरणाचं कार्ड, चार दिवसांचं नेहमीचं खाणं, आणि न धुतलेली त्याची चादर. करारात ओळखपत्राची प्रत, नसबंदीची तारीख, आणि जमलं नाही तर कुत्रं तुमच्याकडेच परत येईल हे कलम हवं. मोठं कुत्रं नसबंदी करूनच द्या. पिल्लू दिलं असेल तर सहाव्या महिन्याच्या सुमारास डॉक्टरची वेळ तुम्हीच ठरवा, कारण «करू पुढच्या महिन्यात» म्हणता म्हणता मादी गाभण राहते.

दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने आणि तीन महिन्यांनी फोन करा. नव्या घरातून निसटलं तर शोधायला तुम्हीही जा, ते तुमचा आवाज ओळखतं. मागे धावू नका. निसटलं त्या जागी त्याची चादर ठेवा, आणि रहदारी थांबल्यावर, पहाटे तीनच्या सुमारास फेरी मारा. कोणी परत द्यायचं म्हणालं तर वाद न घालता लगेच घेऊन या. राग धरला तर पुढचा माणूस फोन न करता परस्पर रस्त्यावर सोडतो. तसं सोडून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, पण कुत्रं हरवल्यावर कायद्याचा काय उपयोग.

सगळं स्थिरावलं की महापालिकेचा कुत्र्याचा परवाना नव्या मालकाच्या नावाने काढून घ्यायला सांगा. रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र त्यासाठी लागतं, ते कार्डासोबतच देऊन ठेवा.