न्यूझीलंडचे सरकारी नियम मुळापासून कसे वाचावेत : दुग्धनिर्यात आणि माओरी शिष्यवृत्त्या

न्यूझीलंडमधून परदेशी जाणाऱ्या लोण्यामागे आणि माओरी, म्हणजे तेथील मूळ रहिवासी समाजातल्या, विद्यार्थ्याला मिळणाऱ्या सरकारी शिष्यवृत्तीमागे कोणत्या ना कोणत्या कायद्याचा आधार असतो. हे दोन विषय परस्परांपासून फार दूरचे वाटत असले, तरी त्यांचे कागद वाचण्याची रीत एकच आहे. अधिकार कोणत्या कलमाने दिला, तो कोणाच्या हाती सोपवला, पैसा कोणाचा आहे आणि ज्याच्यावर नियम लागू होतो त्याला दाद कोठे मागता येते, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की विषय हाती आला असे समजावे. बातमीत किंवा माहितीपत्रकात यांपैकी एखाद्याच प्रश्नाचे उत्तर असते. म्हणून अभ्यासकाने सुरुवातीपासूनच मूळ कायद्याकडे जावे, असा माझा आग्रह आहे.

पहिले काम मूळ कायदा शोधण्याचे. न्यूझीलंडचे प्रचलित कायदे आणि नियमावल्या सरकारच्या अधिकृत कायदे-संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. तेथे शीर्षकाइतकेच महत्त्व त्याखाली दिलेल्या तारखेला आहे, कारण आपल्यासमोरचा मजकूर कोणत्या दिवसापर्यंतच्या दुरुस्त्या धरून छापलेला आहे हे त्या तारखेवरून कळते. जुन्या आवृत्त्याही तेथेच जोडलेल्या असतात. एखाद्या वर्षी नियम काय होता हे ठरवायचे असेल, तर त्या वर्षाची आवृत्ती उघडावी. आजचा मजकूर वाचून मागच्या काळाविषयी विधान करू नये.

दुग्धव्यवसायाच्या बाबतीत ही खबरदारी विशेष आवश्यक आहे, कारण तेथे शंभर वर्षांत राज्यसंस्थेची भूमिका वारंवार बदलली. १९२३ च्या दुग्धपदार्थ निर्यात नियंत्रण कायद्याने एक मंडळ स्थापन झाले आणि परदेशी जाणाऱ्या लोणी व चीजवर त्याला नियंत्रणाचे अधिकार मिळाले. १९२६-२७ मध्ये या मंडळाने संपूर्ण नियंत्रण हाती घेऊन लंडनच्या बाजारात भाव ठरवून पाहिला. तो प्रयत्न फसला. १९३६ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने वेगळी वाट धरली. निर्यातीचे लोणी आणि चीज सरकारने स्वतः विकत घ्यायचे आणि उत्पादकाला हमीभाव द्यायचा, अशी ती व्यवस्था होती. १९६१ मध्ये निर्यातीची सूत्रे न्यूझीलंड डेअरी बोर्डाकडे आली. २००१ च्या दुग्धउद्योग पुनर्रचना कायद्याने ही एकहाती निर्यातव्यवस्था संपवण्याची तरतूद केली, आणि डेअरी बोर्डासह दोन मोठ्या सहकारी संस्था एकत्र येऊन फोंटेरा ही सहकारी संस्था उभी राहिली. या पाच टप्प्यांपैकी आपला कागद कोणत्या टप्प्यातला आहे हे आधी ठरवले नाही, तर ‘मंडळ’ या एकाच शब्दाखाली तीन वेगवेगळ्या संस्थांची गल्लत होते.

२००१ चा कायदा उदाहरणादाखल नीट उलगडून पाहण्यासारखा आहे. देशातील जवळजवळ सगळे दूध एकाच सहकारी संस्थेच्या हाती जाणार होते; त्यामुळे संसदेने विलीनीकरणाला वाट करून देतानाच त्या संस्थेवर बंधनेही घातली. शेतकऱ्याला संस्थेत येण्याची आणि तिच्यातून बाहेर पडण्याची मोकळीक असावी, आणि प्रतिस्पर्धी प्रक्रियादारांना कच्चे दूध मिळावे, ही त्यांतली मुख्य बंधने. आता कायद्यात शोध घेतला, तर प्रतिस्पर्ध्याला नेमके किती दूध मिळेल याचा आकडा सापडत नाही. तो २०१२ च्या कच्चे दूध नियमावलीत आहे : एका स्वतंत्र प्रक्रियादाराला एका हंगामात ५ कोटी लिटरपर्यंत. कायदा तत्त्व सांगतो आणि आकडा नियमावली सांगते. म्हणून दोन्ही कागद शेजारी ठेवूनच वाचावेत. नियमावलीच्या आरंभी ती कोणत्या कायद्याखाली आणि कोणत्या कलमाखाली केली हे लिहिलेले असते. ते कलम उघडून मंत्र्याला किंवा गव्हर्नर जनरलला एवढा अधिकार खरोखर दिलेला आहे का, हे स्वतः ताडून पाहावे. हे काम कंटाळवाणे असले तरी ते टाळू नये, कारण नियमांवरचे आक्षेप पुष्कळदा याच प्रश्नावर उभे राहतात.

त्यानंतर दुरुस्त्यांकडे वळावे. प्रत्येक कलमाखाली बारीक अक्षरांत त्याचा इतिहास दिलेला असतो : ते कधी घातले, कधी बदलले, कधी वगळले. २०२० च्या दुरुस्तीने नव्या शेतकऱ्याला संस्थेत घेण्याची सक्ती शिथिल केली. २००१ च्या मूळ प्रतीवर विसंबून राहिलेला वाचक आजही ‘प्रवेश सर्वांना खुला आहे’ असे लिहून मोकळा होईल.

दुग्धनिर्यातीचा दुसरा अर्धा भाग अन्नसुरक्षेचा आहे, आणि तो निराळ्या कायद्यात आहे. १९९९ च्या प्राणिजन्य उत्पादने कायद्यानुसार प्रक्रिया कारखान्याला जोखीम व्यवस्थापन कार्यक्रम नोंदवावा लागतो, निर्यातदाराला स्वतःची नोंदणी करावी लागते, आणि आयात करणाऱ्या देशाने ज्या अटी घातल्या असतील त्या पाळल्याचे सरकारी प्रमाणपत्र मालासोबत द्यावे लागते. या परदेशी अटींचे कागद प्राथमिक उद्योग मंत्रालय देशवार ठेवते. एखादा माल कोणत्या देशात का जाऊ शकत नाही याचे उत्तर मूळ कायद्यात मिळाले नाही, तर ते बहुधा या अटींत मिळते. काही देशांत ठरावीक कोट्यापुरताच माल कमी जकातीत जातो, आणि त्या कोट्याचे परवाने वाटण्याची पद्धत पुन्हा २००१ च्या कायद्यात आहे. एकाच मालाचे नियम असे दोन कायद्यांत विभागलेले असल्यामुळे सुरुवातीलाच प्रश्न वेगळे करावेत : स्पर्धा आणि परवाना यांचा प्रश्न एकीकडे, स्वच्छता आणि प्रमाणपत्र यांचा दुसरीकडे.

नियम का बदलले हे समजण्यासाठी कायद्याबाहेरचे कागदही लागतात. ऑगस्ट २०१३ मध्ये फोंटेराच्या मट्ठा प्रथिनांच्या काही साठ्यांत बोटुलिझम या घातक विषबाधेचे जंतू असल्याची भीती जाहीर झाली आणि काही देशांनी आयातीवर निर्बंध घातले. पुढील तपासणीत ते जंतू त्या घातक जातीचे नसल्याचे सिद्ध झाले. सरकारने दरम्यान चौकशी नेमली होती, आणि तिच्या शिफारशींमधूनच २०१८ चा अन्नसुरक्षा कायदा सुधारणा कायदा आला. असा दुवा सापडला की चौकशीचा अहवाल, संसदेतील चर्चेचे वृत्त आणि विधेयक तपासणाऱ्या संसदीय निवड समितीचा अहवाल या क्रमाने वाचावे. विधेयकात समितीने केलेला बदल अनेकदा मंत्र्याच्या भाषणापेक्षा अधिक बोलका असतो.

माओरी शिष्यवृत्त्यांकडे येताना पहिला प्रश्न पैशाचा विचारावा, कारण त्या एकाच थैलीतून दिल्या जात नाहीत. काहींचा खर्च शिक्षण खाते अर्थसंकल्पातून करते, काहींसाठी संसदेने स्वतंत्र निधी निर्माण केला आहे, आणि काही माओरी विश्वस्त संस्था आपल्या जमिनीच्या उत्पन्नातून देतात.

स्वतंत्र निधीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण १९४५ च्या कायद्याचे आहे. सेकंड लेफ्टनंट ‘ते मोआनानुई-अ-किवा न्गारिमु’ हे २८ व्या माओरी पलटणीतील अधिकारी मार्च १९४३ मध्ये ट्युनिशियात तेबागा खिंडीच्या लढाईत धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रुआतोरिया येथे भरलेल्या मोठ्या मेळाव्यात ते पदक त्यांच्या आईवडिलांच्या हाती देण्यात आले. दोन वर्षांनी संसदेने त्यांच्या आणि पलटणीच्या नावाने शिष्यवृत्ती निधी स्थापन केला. हा कायदा छोटा असल्याने नवख्याने वाचनाचा सराव याच्यापासून करावा. मंडळ कोणाचे, निधीत पैसा कोठून यायचा, तो कशासाठी खर्च करता येतो आणि कोणत्या बाबी नियमांवर सोपवल्या आहेत, असा क्रम धरला की वर सांगितलेल्या चार प्रश्नांपैकी तिनांची उत्तरे काही पानांत मिळतात. चालू वर्षाची रक्कम आणि अर्जाची मुदत मात्र कायद्यात शोधू नये. ती शिक्षण मंत्रालयाच्या त्या वर्षीच्या सूचनेत असते.

जमिनीच्या उत्पन्नातून चालणाऱ्या शिष्यवृत्तीचे उदाहरण माओरी नेते सर अपिराना न्गाता यांच्या स्मरणार्थ दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्तीचे आहे. पहिल्या महायुद्धात माओरी सैनिकांसाठी लोकांनी निधी जमवला. त्यातून वाइरोआजवळचे हेरेहेरेताऊ हे मेंढ्या व गुरांचे मोठे शेत घेण्यात आले आणि १९५७ च्या कायद्याने या न्यासाला आजचे रूप मिळाले. अशा प्रकरणात केवळ अर्जाचा नमुना वाचून भागत नाही. शेताचे हिशेब आणि न्यासाचा वार्षिक अहवालही पाहावा लागतो, कारण शिष्यवृत्तीला पैसा किती उरतो हे शेताच्या उत्पन्नावर अवलंबून असते.

पात्रता तपासताना कायद्याच्या सुरुवातीला असलेले व्याख्येचे कलम कधीही ओलांडून पुढे जाऊ नये. १९५३ च्या माओरी व्यवहार कायद्यात ‘माओरी’ कोण हे रक्ताच्या प्रमाणावर ठरत होते. १९७४ च्या दुरुस्तीने ते प्रमाण काढून टाकले आणि माओरी व्यक्तीचा कोणताही वंशज त्या व्याख्येत आला. एका ओळीतल्या या बदलाने किती मुलांचा हक्क ठरतो, हे ध्यानात घेतले म्हणजे व्याख्येचे कलम किती काळजीने वाचायला हवे ते कळते.

जुन्या काळाचा शोध घ्यायचा असेल, तर राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘पेपर्स पास्ट’ या डिजिटल संग्रहात जावे. तेथे वर्तमानपत्रांबरोबर प्रतिनिधिगृहाच्या कामकाजाची परिशिष्टे आहेत, आणि त्यांतील ‘ई’ वर्गात शिक्षणाचे वार्षिक अहवाल मिळतात. शोधताना ‘नेटिव्ह’ हा शब्द वापरावा, कारण १९४७ पर्यंत कायद्यात आणि खात्यांच्या नावांत तोच होता. या अहवालांतील तक्ते फार मोलाचे आहेत. ‘ते आउते’, हुकारेरे, सेंट स्टीफन्स, सेंट जोसेफ्स अशा निवासी शाळांपुढे सरकारी खर्चाने शिकणाऱ्या मुलांचे आणि स्वतःच्या खर्चाने राहणाऱ्यांचे आकडे वेगवेगळे दिलेले असतात. सरकारची पहिली माओरी जिल्हा माध्यमिक विद्यालये १९४१ मध्ये निघाली. तोपर्यंत बहुतेक माओरी मुलांना माध्यमिक शिक्षणाची वाट या चर्चच्या शाळांतूनच होती, आणि म्हणून त्या तक्त्यातला एकेक आकडा वजनदार आहे.

शिष्यवृत्तीच्या अटी वाचताना त्या मुलाने पुढे काय व्हावे असे सरकारला वाटत होते, हेही वाचावे. विसाव्या शतकाच्या आरंभी अधिकाऱ्यांनी ‘ते आउते’ कॉलेजवर विद्यापीठाच्या परीक्षांऐवजी शेतीशिक्षण देण्यासाठी दबाव आणला, आणि १९०६ मध्ये त्यावर शाही आयोगही बसला. विद्यापीठाची पदवी मिळवणारे पहिले माओरी, अपिराना न्गाता, याच शाळेतून पुढे गेले होते. त्याच न्गातांनी १९२० च्या दशकात रुआतोरियाच्या परिसरात दुग्धव्यवसाय वाढवला, आणि तेथील न्गाती पोरोऊ डेअरी कंपनीचे लोणी बाजारात गेले. शेती करण्याला न्गातांचा विरोध नव्हता. माओरी मुलाला शेतीपुरतेच शिकवावे, ही अट मात्र अन्यायाची होती असे माझे मत आहे, आणि शिष्यवृत्तीच्या नियमांत अशी अट कोठे दडली आहे हे शोधणे मला या सगळ्या अभ्यासातले सर्वांत महत्त्वाचे काम वाटते.

जुने आकडे उतरवताना एकके तपासावीत. १० जुलै १९६७ पूर्वीच्या रकमा पौंडांत आहेत, आणि त्या दिवशी १ पौंडाचे २ डॉलर धरले गेले. महागाईचा हिशेब वेगळा करावा लागतो. लोणी ५६ रतलांच्या (रतल म्हणजे वजनाचा पौंड) खोक्यांत आणि ११२ रतलांच्या हंड्रेडवेटमध्ये मोजलेले आढळते. नियमावल्यांचा क्रमांकही काळाप्रमाणे बदलतो. १९३६ पासून त्यांची वर्षवार क्रमांक देऊन स्वतंत्र मालिका निघू लागली. त्याआधीचे नियम राजपत्रात शोधावेत.

शेवटचा प्रश्न दाद मागण्याचा. नियमावली मूळ कायद्याच्या मर्यादेबाहेर गेली असे वाटल्यास कोणालाही संसदेच्या नियम पुनर्विलोकन समितीकडे तक्रार करता येते, आणि प्रतिनिधिगृहाला अशी नियमावली नामंजूर करण्याचा अधिकार आहे. शिष्यवृत्तीचे निकष कसे लावले किंवा परवाना का नाकारला याची कागदपत्रे हवी असतील, तर १९८२ च्या सरकारी माहिती कायद्याखाली लेखी मागणी करावी. तिचे उत्तर २० कामकाजी दिवसांत द्यावे लागते, आणि नकार मिळाल्यास लोकपालाकडे जाता येते. हा हक्क न्यूझीलंडच्या नागरिकांना, कायमच्या रहिवाशांना आणि त्या वेळी देशात असलेल्या व्यक्तींना आहे. परदेशातून अभ्यास करणाऱ्याने त्यामुळे तेथील एखाद्या सहकाऱ्यामार्फत मागणी करावी. मागणीत ‘सर्व माहिती’ असे लिहू नये. कायद्याचे नाव, कलम, कालावधी आणि हवा असलेला कागद नेमका लिहावा, म्हणजे ‘मागणी फार व्यापक आहे’ या कारणावर ती परत येत नाही.