निळ्या कागदाचे अठ्ठावीस दिवस

"म्हणजे तू एक्साइजमध्ये लागलीस?" नोकरी लागल्याचं सांगितल्यावर बार्शीच्या मावशीचा हा पहिला प्रश्न. म्हटलं, नाही गं, कौन्सिलमध्ये. आपली नगरपालिका असते ना, तशी. तिला पटेना. नगरपालिका पाणीपट्टी घेते, कचरा उचलते, बारचं लायसन्स तिच्या हातात कसं? मी समजावलं तेव्हा म्हणाली, "मग एकालाही देऊ नकोस." मावशीने तिच्या गावात आडव्या बाटलीला मत दिलेलं आहे, त्यामुळे तिच्या सल्ल्याला वजन होतं. पण तो पाळला असता तर माझी नोकरी महिन्याभरातच गेली असती.

इंग्लंडमध्ये लायसन्सिंग ऑफिसर म्हणून मी सात वर्षं काम करते आहे. आधी दोन वर्षं त्याच खात्यात कारकुनी केली. शहर मिडलंड्सचं, मध्यम आकाराचं. स्टेशनपासून बाजारचौकापर्यंतचा अर्धा मैल शुक्रवारी रात्री माणसांनी फुलून जातो. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमागे इथे आलेले, बी.ए., एलएल.बी. किंवा एम.एस.डब्ल्यू. झालेले बरेच मराठी लोक मला विचारतात की हे काम असतं तरी काय आणि त्यात शिरायचं कसं. हे त्यांच्यासाठी.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला सर्वात आधी आपल्या डोक्यातलं चित्र पुसावं लागतं. आपल्याकडे दारू म्हणजे राज्य सरकारचा विषय. १९४९ चा दारूबंदी कायदा, राज्य उत्पादन शुल्क खातं, जिल्हाधिकारी, परमिट रूम, ड्राय डे. मुळात बंदी आणि मग तिला अपवाद म्हणून परवाना. इथे विचार उलट्या टोकाकडून सुरू होतो. पूर्वी हे परवाने मॅजिस्ट्रेट देत. २००३ च्या लायसन्सिंग अॅक्टने ते काम स्थानिक कौन्सिलकडे आणलं आणि २४ नोव्हेंबर २००५ पासून हा कायदा इंग्लंड आणि वेल्समध्ये पूर्णपणे लागू झाला. स्कॉटलंडचा कायदा वेगळा. तिकडच्या जागेसाठी अर्ज करणार असाल तर इथलं पाठांतर तिथे चालणार नाही.

या कायद्याचे चार खांब आहेत: गुन्हे आणि दंगाधोपा रोखणं, सार्वजनिक सुरक्षितता, लोकांना होणारा उपद्रव टाळणं आणि मुलांना हानीपासून वाचवणं. जे बोलायचं ते या चारांत बसलं पाहिजे. दारू वाईट, शेजारी देऊळ आहे, गल्लीत आधीच तीन दुकानं आहेत मग चौथं कशाला, हे त्यात बसत नाही. शाळेपासून किंवा प्रार्थनास्थळापासून इतके मीटर असा आपल्यासारखा नियमही इथे नाही. सार्वजनिक आरोग्य हा स्कॉटलंडमध्ये पाचवा खांब आहे, इंग्लंडमध्ये नाही. आरोग्य खात्याला हरकत घेता येते, पण ती चारांपैकी कशात तरी बसवूनच. मला हे फारसं पटत नाही, पण माझ्या पटण्यावर काही अवलंबून नाही.

आता खरा धक्का. नव्या जागेचा अर्ज आला की अठ्ठावीस दिवसांची मुदत सुरू होते. अर्जदाराने दुकानाच्या दर्शनी भागावर फिक्या निळ्या कागदावर नोटीस लावायची, किमान ए-फोर आकाराची आणि सोळा पॉइंटच्या अक्षरांत. शिवाय स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची. या मुदतीत पोलीस, अग्निशमन दल, पर्यावरण आरोग्य विभाग, ट्रेडिंग स्टँडर्ड्स (व्यापारातले नियम पाळले जातात का ते पाहणारं खातं) वगैरे ठरलेल्या संस्था किंवा कुणीही नागरिक लेखी हरकत घेऊ शकतो. अठ्ठावीस दिवसांत एकही ग्राह्य हरकत आली नाही तर लायसन्स द्यावंच लागतं. 'देता येतं' नव्हे, द्यावंच लागतं. साहेबाच्या मर्जीचा प्रश्नच येत नाही, कारण तिथे साहेबच नाही.

हे मी पहिल्या वर्षी कागदावर शिकले आणि दुसऱ्या वर्षी अंगावर घेतलं. बाजारचौकाच्या मागच्या बोळात एका बारचा अर्ज आला. वरच्या मजल्यांवर म्हातारी माणसं राहतात, बोळ इतका अरुंद की खाली कुणी शिंकलं तर तिसऱ्या मजल्यावर कळतं. मला मनापासून वाटत होतं की इथे पहाटे दोनपर्यंत बार नको. पण हरकत कुणीच घेतली नाही. निळा कागद काचेच्या आतल्या बाजूला, मोठ्या कुंडीमागे लावलेला होता आणि मी तो वेळेत जाऊन पाहिला नव्हता. सव्विसाव्या दिवशी एका आजींचा फोन आला तेव्हा गेले आणि पाहिलं. नोटीस वाचता येत नव्हती म्हणून ती नव्याने लावायला सांगितली आणि अठ्ठावीस दिवस पुन्हा मोजायला घेतले. अर्जदाराच्या वकिलाने मला फोनवर चांगलंच झापलं. तेव्हापासून नोटीस लागली की दुसऱ्या दिवशी जाते, फोटो काढते, आणि रस्त्यावर उभी राहून सगळी वाचून पाहते.

हरकत आली तर सुनावणी होते. निवडून आलेल्या तीन नगरसेवकांची उपसमिती बसते, दोन्ही बाजू ऐकते आणि निर्णय देते. तो मान्य नसेल तर एकवीस दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील. ऑफिसरचं काम अहवाल लिहिण्याचं: अर्ज काय, हरकती काय, धोरण काय म्हणतं, समितीपुढे पर्याय कोणते. 'नामंजूर करावा' असं सुचवण्याचा मोह पहिली दोन वर्षं होतो. तो आवरायचा. लोकांशी बोलतानाही हेच. आजी विचारतात, "मी काय लिहू?" त्यांना मजकूर सांगायचा नाही. एवढंच सांगायचं की चार खांबांपैकी कुठल्याशी तुमच्या त्रासाचा संबंध आहे ते लिहा, तारखा आणि वेळा लिहा आणि तुमचं नाव-पत्ता अर्जदाराला कळेल हे लक्षात ठेवा. हे शेवटचं ऐकून निम्मे लोक मागे हटतात.

गजबजलेल्या भागांसाठी आणखी एक हत्यार आहे. एकेक बार सरळ असतो, पण एका रस्त्यावर चाळीस झाले की रात्री अडीचला तिथे जे घडतं ते कुणा एकाचं पाप नसतं. अशा भागाबद्दल कौन्सिल पुरावे गोळा करून जाहीर करू शकतं की इथे साचलेला परिणाम आता सोसवेनासा झाला आहे. याला इथे क्युम्युलेटिव्ह इम्पॅक्ट म्हणतात. लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरच्या वेस्ट एंडमध्ये असं क्षेत्र आहे. आधी ही निव्वळ धोरणाची बाब होती, एप्रिल २०१८ पासून तिला कायद्याचा आधार मिळाला आणि दर तीन वर्षांनी पुरावे पुन्हा तपासणं बंधनकारक झालं. अशा क्षेत्रात हरकत आली की आपल्या बारमुळे भर पडणार नाही हे दाखवून देण्याचं ओझं अर्जदारावर येतं. पण हरकत आलीच नाही तर? तरीही लायसन्स द्यावंच लागतं. मुलाखतीत हा प्रश्न हमखास विचारतात आणि दहापैकी सात जण इथे घसरतात.

पुरावे गोळा करणं म्हणजे काय, तर पोलिसांचे कॉल, अॅम्ब्युलन्सच्या नोंदी, गोंगाटाच्या तक्रारी, सगळं नकाशावर ठेवून कुठल्या तासाला काय होतं ते पाहणं. माझं आवडतं काम. एका हिवाळ्यात आम्हाला दिसलं की मारामाऱ्या बारच्या दारात कमी आणि दोन चिकनच्या दुकानांसमोरच्या रांगेत जास्त होत होत्या. रात्री अकरा ते पहाटे पाच गरम खाणं विकायलाही लायसन्स लागतं ते का, हे तेव्हा उमगलं.

पण या नोकरीतलं खरं कसब सांगायचं तर ते अटी लिहिण्यात आहे. बरीचशी लायसन्सं नाकारली जात नाहीत, ती अटींसकट दिली जातात. अट मोडणं हा गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, अमर्याद दंड किंवा दोन्ही. म्हणून अट अशी हवी की रात्री एक वाजता, पावसात, टॉर्चच्या उजेडात दोन मिनिटांत ठरवता येईल की ती पाळली की मोडली. 'शेजाऱ्यांना त्रास होणार नाही याची मालक काळजी घेईल' ही माझी पहिली अट. वरिष्ठ बाईंनी तिच्याखाली पेन्सिलीने लिहिलं: कुणी तपासायचं आणि कसं? मग मी लिहिलं, 'रात्री ११ नंतर मागच्या अंगणात कुणीही ग्लास घेऊन जाणार नाही आणि अंगणाचं दार ये-जा सोडून बंद राहील.' त्यावर बरोबरची खूण आली. सीसीटीव्हीचं चित्रण ३१ दिवस जपणं, पंचविशीच्या आतले वाटतील त्या सगळ्यांकडे ओळखपत्र मागणं, नाकारलेल्या विक्रीची वही ठेवणं, साडेसहा टक्क्यांवरच्या बिअरचे सुटे कॅन न विकणं, या रोजच्या अटी. गावातल्या तलाठ्यासारखं लिहा, कवीसारखं नको. मी मराठी एम.ए. आहे, मला हे फार जड गेलं.

आपल्या माणसांबद्दल. कोपऱ्यावरची ऑफ-लायसन्स दुकानं, म्हणजे बाटली घरी न्यायला विकणारी, अनेकदा गुजराती, पंजाबी, तमिळ कुटुंबांची असतात. एका काकांनी पहिल्याच तपासणीत चहा पुढे करून म्हटलं, "बेटा, अपना समझ के देख लेना." चहा मी घेतला नाही. तो दिवस वाईट गेला. नाकारलेल्या विक्रीची वही कोरी होती, कौंटरवरच्या पोराला प्रशिक्षण दिल्याची नोंद नव्हती. मी बसून त्यांना वही कशी भरायची ते हिंदीत समजावलं आणि मग पत्र दिलं ते दिलंच. पुढे ट्रेडिंग स्टँडर्ड्सने अठराच्या आतल्या मुलाला ग्राहक म्हणून पाठवून चाचणी घेतली, तेव्हा काकांच्या दुकानाने विक्री नाकारली. भाषा येणं हा तुमचा मोठा फायदा आहे, पण ओळखीचं कुणी असेल तर आधी लेखी कळवून ती फाईल दुसऱ्याकडे द्या. इथे शहर छोटं असतं आणि मराठी शहर त्याहून छोटं.

त्या छोट्या शहराचे फोनही येतातच. "ताई, कोजागिरीला हॉल घेतलाय, बार ठेवायचाय, काय करायचं?" त्यासाठी टेम्पररी इव्हेंट नोटीस असते. फी २१ पौंड, एका वेळी ४९९ माणसांपर्यंत, आणि त्यात वाढपी, वादक, स्वयंसेवक सगळे मोजायचे. नोटीस किमान दहा कामाचे दिवस आधी हवी. नोटीस मिळाल्याचा दिवस धरायचा नाही, कार्यक्रमाचाही नाही, शनिवार-रविवार आणि बँक हॉलिडे तर नाहीच. हे मोजताना भलेभले चुकतात. उशीर झाला तर पाच ते नऊ कामाचे दिवस आधीची उशिराची नोटीस चालते, पण तिच्यावर पोलिसांची किंवा पर्यावरण आरोग्य विभागाची हरकत आली की सुनावणीशिवाय कार्यक्रमातला बार गेला. एका मंडळाचा तसा गेला आणि वर्षभर मला समारंभात कुणी पुढच्या रांगेत बसवलं नाही.

रात्रीच्या फेऱ्या महिन्यातून एक-दोन असतात, पोलिसांबरोबर. दारावरच्या माणसांचे बिल्ले बघायचे, लायसन्सचा गोषवारा भिंतीवर लावला आहे का ते पाहायचं, जागेवर जबाबदार म्हणून नोंदलेली व्यक्ती कोण ते विचारायचं. दारू न पिणाऱ्यांना अडचण काहीच नाही, मी आजवर पोर्ट वाइनही चाखलेली नाही आणि कुणी विचारलंही नाही. थंडी मात्र खूप असते.

शिरायचं कसं? ठरावीक पदवी लागत नाही. बहुतेक जण माझ्यासारखे कारकुनी जागेतून येतात, काही पोलिसांतून, काही बार चालवून. बार किंवा हॉटेलात काम केलं असेल तर ते लपवू नका, ठळक लिहा. पर्सनल लायसन्सधारकांसाठीचा (म्हणजे दारूविक्रीचा व्यक्तीच्या नावावरचा परवाना घेणाऱ्यांसाठीचा) लेव्हल टूचा कोर्स एका दिवसाचा आहे. तो स्वतःच्या पैशाने केलात तर अर्जात उठून दिसतो. पुढे इन्स्टिट्यूट ऑफ लायसन्सिंगचे कोर्स असतात, ते सहसा कौन्सिलच करवतं. याच खात्याकडे टॅक्सी, जुगाराची दुकानं, भंगारवाले, कुत्र्यांची पाळणाघरंही असतात, त्यामुळे सुरुवात टॅक्सीच्या फायलींनी झाली तर नाराज होऊ नका. कौन्सिलचा अर्ज भरताना जाहिरातीतल्या प्रत्येक अपेक्षेखाली तुमचं एक प्रत्यक्ष उदाहरण हवं. गुण त्यावरच असतात, सुंदर प्रस्तावनेला शून्य.

आणि अर्ज करण्याआधी एक सकाळ काढा. उपसमितीच्या सुनावण्या सहसा सर्वांसाठी खुल्या असतात, विषयपत्रिका आणि ऑफिसरचा अहवाल कौन्सिलच्या संकेतस्थळावर आधी येतो. तो छापून घ्या, मागच्या बाकावर बसा आणि दोन्ही बाजू ऐकताना समासात तुमच्या अटी लिहीत जा. निर्णय बहुधा त्याच दिवशी किंवा पाच कामाच्या दिवसांत लागतो. तो आला की शेजारी ठेवून पाहा, तुमच्या किती अटी समितीने घातल्या आणि ज्या घातल्या नाहीत त्या रात्री एक वाजता तपासता आल्या असत्या का.